कुरळे केस वाढत नाहीत, हा समज आला कुठून?

इंदूरमध्ये कुरळ्या केसांची मुलगी पार्लरच्या खुर्चीत बसली की पहिला सल्ला बहुतेक एकच मिळतो: स्मूदनिंग करून घे, नाहीतर केराटिन. दोन्ही रसायनं लावून केस सरळ करण्याचे प्रकार. घरात लग्न असलं तर मावशी, काकूही तेच सुचवतात. आता मात्र बऱ्याच मुली याला नाही म्हणायला लागल्या आहेत. केस आहेत तसेच ठेवायचे आणि तेच लांब, निरोगी करायचे, असं त्यांनी ठरवलंय. त्यांच्या बोलण्यात ‘वॉश डे’ (न्हायचा ठरलेला दिवस), ‘लीव्ह-इन’ (न धुता केसांतच ठेवायचं क्रीम), ‘प्रोटेक्टिव्ह स्टाइल’ (टोकं जपणारी केशरचना) हे शब्द सहज येतात. हे शब्द आणि त्यामागची बरीचशी पद्धत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांची आहे. तिला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि आपल्याकडे तो फारसा कुणी सांगत नाही.

आधी केसाविषयी. केस मुळाशी वाढतो, महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर. आफ्रिकी वंशाच्या लोकांत हा वेग थोडा कमी असतो. एक केस दोन ते सात वर्षं वाढत राहतो आणि मग गळतो. कुरळ्या केसाचं मूळच वाकडं असतं आणि केसाचा छेद गोल नसून लंबगोल असतो. टाळूचं नैसर्गिक तेल सरळ केसावरून टोकापर्यंत उतरतं, वळणांवर ते अडतं. प्रत्येक वळणाशी केसावरचे खवले किंचित उचललेले असतात. म्हणून टोकं कोरडी पडतात, गुंता होतो आणि कंगवा लागला की केस तुटतो. मुळाशी महिन्याला सेंटिमीटरभर वाढलं आणि टोकाशी तेवढंच तुटलं, तर लांबी वर्षानुवर्षं तिथल्या तिथेच राहते. बाईला वाटतं, माझे केस वाढतच नाहीत. हा गैरसमज ओळखला की पुढचा सगळा इतिहास नीट कळतो.

गुलाम करून अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकी स्त्रियांचे कंगवे, तेलं आणि केस विंचरायला लागणारा निवांत वेळ, सगळंच हिरावलं गेलं. केसांवर कायद्याचीही नजर होती. तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या लुईझियानात गव्हर्नर एस्तेबान मिरो यांनी १७८६ मध्ये कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशी स्त्रियांनी केस फडक्याखाली झाकावेत असा हुकूम काढला. त्या स्त्रियांनी तीच फडकी रंगीत, डौलदार बांधून हुकमातला अपमान उलटवला. केसांवर दुसऱ्याची सत्ता म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. केशवपन आपल्याच घरांत होत होतं आणि १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी सभा घेऊन विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालवण्याचा निर्धार केला होता. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मी म्हणत नाही. पण ‘केसच तर आहेत’ हे वाक्य दोन्हीकडे खोटं ठरतं.

लांब केसांचा धंदा विसाव्या शतकाच्या आरंभी उभा राहिला. बहुतेक घरांत नळ नव्हता, डोकं क्वचितच धुतलं जाई, त्यामुळे टाळूचे रोग आणि केसगळती सर्रास होती. कृष्णवर्णीय उद्योजिका ॲनी टर्नबो मलोन यांनी ‘पोरो’ नावाने केसांची उत्पादनं घरोघर विकायला सुरुवात केली. त्यांच्यासाठी काही काळ विक्री करणारी सारा ब्रीडलव्ह हीच पुढची मॅडम सी. जे. वॉकर. १८६७ मध्ये लुईझियानात जन्म, आईवडील पूर्वी गुलाम, स्वतः धोबीण. तिचेही केस गळत होते. १९०६ च्या सुमारास तिने ‘वंडरफुल हेअर ग्रोअर’ हे गंधकयुक्त मलम विकायला काढलं आणि त्याच्या जोडीला डोकं वारंवार धुण्याची शिस्त लावली. माझ्या मते खरं काम त्या धुण्यानं केलं. टाळू स्वच्छ झाली, रोग हटला, केस टिकायला लागले. नाव मात्र ‘केस वाढवणारं’ पडलं आणि डबीतून वाढ विकत मिळते ही समजूत तेव्हापासून बाजारात रुळली.

त्याच काळात सरळ करण्याचा बाजारही तेजीत आला. तापवलेला लोखंडी कंगवा होताच. क्लीव्हलँडचे संशोधक गॅरेट मॉर्गन शिवणयंत्राच्या सुईसाठी द्रावण शोधत होते. त्याने तंतू सरळ होतात हे त्यांच्या लक्षात आलं आणि १९१३ मध्ये त्यांनी केस सरळ करणारं मलम विकणारी कंपनी काढली. १९५४ मध्ये शिकागोत जॉर्ज जॉन्सन यांनी कॉस्टिक सोड्यावर आधारलेला रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करणारं मलम, बाजारात आणला. कॉस्टिक सोडा केसातल्या प्रथिनांचे गंधकी बंध कायमचे मोडतो. केस सरळ दिसतो, पण आतून दुबळा होतो. म्हणजे मुळातच तुटणाऱ्या केसाला आणखी तुटकं करून लांब दिसण्याची सोय केली गेली.

१९६० च्या दशकात नागरी हक्कांच्या चळवळीबरोबर आफ्रो, म्हणजे कुरळे केस गोलाकार फुलवून ठेवण्याची पद्धत, आली. केस आहेत तसे मिरवणं ही राजकीय कृती झाली. पण नोकरीच्या जागी धाक होताच. रेने रॉजर्स ही कर्मचारी बारीक वेण्या घालण्याच्या हक्कासाठी विमान कंपनीविरुद्ध न्यायालयात गेली आणि १९८१ मध्ये हरली. २००० नंतर पुन्हा लाट आली आणि या वेळी भर जपणुकीवर होता: शाम्पूतलं फेस आणणारं सल्फेट कमी, ओलावा जास्त, ओल्या केसातच बोटांनी किंवा रुंद दात्यांच्या कंगव्याने गुंता सोडवणं, टोकं वेणीत दडवणं, रात्री साटिनचं कापड. केस वाढवायचे म्हणजे तुटू द्यायचे नाहीत, हे या बायकांनी स्वतःच्या डोक्यावर करून पाहून सिद्ध केलं. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने केसांच्या पोतावरून भेदभाव करण्यास बंदी घातली.

आता आपल्या माळव्याकडे. इथली जमीन काळ्या खडकाची, विहिरी-बोअरिंगचं पाणी जड. नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो. अशा पाण्यात साबण फाटतो आणि त्याचा चिकट साका केसांवर राहतो. शिकेकाई आणि रिठ्याचा फेस जड पाण्यातही फाटत नाही, शिवाय शिकेकाई आंबट गुणाची असल्याने खवले मिटतात. इंदूरच्या जुन्या मराठी घरांत सियागंज बाजारातून शिकेकाईच्या शेंगा आणायच्या, कडकडीत उन्हात वाळवायच्या, त्यात रिठे, आवळकाठी, नागरमोथा, गव्हला कचोरा घालून दळून आणायचं, हा दरवर्षीचा उद्योग असे. दळताना शिंका आवरत नसत, म्हणून पीठगिरणीवाला ते घ्यायचा नाही. त्यासाठी वेगळी चक्की शोधावी लागे. न्हायच्या आदल्या रात्री कोमट तेल, सकाळी बोटांनी टोकाकडून वर गुंता सोडवणं, मग घट्ट वेणी. यातलं पुष्कळ त्या अमेरिकी पद्धतीशी जुळतं. फरक एक: आपल्याकडे वेणी इतकी ओढून घालत की कानशिलाजवळचे केस मागे सरकत. सततच्या ओढीने केस कायमचे जाऊ शकतात, हे त्वचारोगतज्ज्ञ आज ठामपणे सांगतात.

नर्मदेचं पाणी शहरात १९७८ मध्ये आलं. नंतर शाम्पूच्या पुड्या आल्या आणि शिकेकाईचा डबा मागे पडला. तेलही ‘चिपचिपीत’ म्हणून हिणवलं गेलं. खरं तर २००३ मध्ये आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी दाखवून दिलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. खनिज तेल आणि सूर्यफूल तेलाला हे जमलं नाही. हा शोधनिबंध आज जगभरच्या कुरळ्या केसांच्या चर्चेत येतो.

पार्लरमध्ये याच सुमारास रसायनाने केस सरळ करणारं रिबॉन्डिंग आलं, मग केराटिन. केराटिनच्या अनेक द्रावणांतून गरम इस्त्रीखाली फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतं. हे रसायन जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्ककारक ठरवलेलं आहे. त्याची वाफ ग्राहकाच्या नाकात एकदा जाते, पण पार्लरमधल्या मुलीच्या नाकात रोज जाते, आणि तिची काळजी कुणी करत नाही. २०२२ मध्ये ३३,४९७ अमेरिकी स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणारी रसायनं वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाची शक्यता सुमारे ४.०५ टक्के आणि न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के आढळली. यावरून थेट कारण सिद्ध होत नाही, पण जपून राहायला एवढं पुरेसं आहे.

ज्या मुलींनी केस सरळ करणं सोडलं, त्यांची खरी परीक्षा नवे कुरळे केस आणि जुने सरळ केस जिथे मिळतात तिथे असते. तो सांधा सगळ्यात कमजोर असतो. काही जणी एकदाच कात्री लावतात; घरात आजी हळहळते. काही जणी दर दोन-तीन महिन्यांनी थोडं थोडं कापत राहतात आणि तोवर तेल लावून सैल वेणी घालतात. महिन्याला सेंटिमीटरभर या हिशेबाने खांद्यापर्यंत यायला अडीच-तीन वर्षं जातात, आणि वळणांमुळे केस असतात त्याहून आखूड दिसतात. म्हणून लांबी मोजायची तर एक बट हलकेच ताणून मोजावी.