कॅसेटमधली ओवी संगणकात उतरवताना

बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली बायांनी जात्यावरच्या ओव्या गायल्या आणि त्या डॅट नावाच्या डिजिटल टेपवर उतरल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी उभारलेल्या ओव्यांच्या प्रकल्पाचं ते काम. या प्रकल्पात महाराष्ट्रभरातून लाखावर ओव्या लिहून घेतल्या गेल्या. आवाजात मात्र साडेचार हजारांच्या आसपासच आल्या. लिहायला वही-पेन पुरतं, आवाज टिपायला यंत्र लागतं.

मराठवाड्यात घरोघरी आजही ओव्यांच्या, भारुडांच्या, गोंधळाच्या कॅसेट पडून आहेत. त्या संगणकात घ्यायला बसलं की पहिली गाठ पडते ती मागच्या गुलाबी खाचेशी. टेपची वायर तिथे खुपसली की आवाज फाटतो. दोष कॅसेटचा नसतो, तो त्या खाचेच्या इतिहासात आहे.

१९८१ च्या आयबीएम पीसीला फक्त टूं-टूं करणारा छोटा स्पीकर होता. आवाज आत घ्यायची सोय घरगुती संगणकात रुळली ती १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर कार्ड काढल्यावर, आणि तेही खपलं मुख्यतः गेमसाठी. ते ८ बिटचं होतं, म्हणजे आवाजाच्या लाटेची उंची मोजायला २५६ पायऱ्या. १९९२ च्या १६ बिट कार्डात त्या ६५,५३६ झाल्या. सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायचा सीडीचा आकडाही त्याला जमला. हा आकडा मुळात व्हिडिओ टेपमुळे ठरला: सुरुवातीला डिजिटल आवाज तिच्यावरच साठवत, आणि चित्राच्या रेषांच्या हिशेबात तो बसत होता.

पुढे खाचांना रंग आले: हिरवी ऐकायला, गुलाबी माइकला, निळी टेपसारख्या यंत्राला. माइकमधून येतात जेमतेम काही मिलिव्होल्ट, म्हणून गुलाबी खाच आवाज कितीतरी पट वाढवून घेते. टेपच्या लाइन-आउटमधून, म्हणजे आवाज बाहेर काढायच्या खाचेतून, येतो साधारण पाव-अर्धा व्होल्ट. तो तिथे घातला की फाटणारच. निळी खाच हवी, पण बहुतेक लॅपटॉपांवर ती दिलीच गेली नाही. मला हे नुकसान फार मोठं वाटतं, कारण गावाकडे लॅपटॉप पोचले त्याच काळात कॅसेट खराब होत होत्या.

वाट निघाली यूएसबीतून. १९९८ च्या सुमाराला यूएसबीवरून आवाज नेण्याचे नियम ठरले आणि कार्ड संगणकाच्या पोटातून बाहेरच्या डबीत आलं. आज ज्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात ती हीच डबी. तिच्यावर ४८ व्होल्टचं एक बटण असतं, त्याची गोष्टही सांगण्याजोगी आहे. कंडेन्सर माइकला वीज लागते. १९६६ मध्ये जर्मनीच्या नॉयमनने नॉर्वेच्या रेडिओसाठी माइकच्या वायरीतूनच वीज द्यायची सोय केली. तिथे आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्ट आधीच होते, म्हणून तोच आकडा जगभर रूढ झाला. कॅसेट उतरवताना मात्र हे बटण बंदच ठेवायचं. २००० साली ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर आलं आणि खर्चाचा राहिलेला भागही हलका झाला.

आत्याची कॅसेट घेताना मी डबी जोडली, आवाजाची पातळी लाल रेषेच्या बरीच खाली ठेवली, तरी एक सलग घरघर येत होती. जुन्या घराला अर्थिंग नाही. चार्जरमधून ५० हर्ट्झची वीज आवाजात झिरपत होती. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर घेतला आणि ती घरघर थांबली. मग खालची दुसरी घरघर ऐकू आली, जात्याची. ओवीच्या मध्येच आत्या थांबते, जात्यात ज्वारीची वैरण घालते, आणि पुढची ओळ उचलते.