आयपी ६५ आणि आयपी ६७ : झोत सोसणं वेगळं, बुडून तगणं वेगळं

बाहेर लावायच्या छोट्या दिव्याच्या खोक्यावर 'वॉटरप्रूफ' हा शब्द ठसठशीत छापलेला असतो आणि कुठेतरी कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, आयपी ६५ किंवा आयपी ६७, म्हणजे धूळ आणि पाणी आत शिरण्यापासून किती संरक्षण आहे ते सांगणारा आकडा. वाचायचं ते कोपऱ्यातलं. आकडाच दिला नसेल तर 'वॉटरप्रूफ' हा निव्वळ जाहिरातीचा शब्द समजावा.

आकडा दिसला की बहुतेकांचा हिशेब सोपा असतो : ६५पेक्षा ६७ मोठा, म्हणजे चांगला. गडबड इथेच होते. आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकात हे दोन अंक सुटे वाचायचे असतात. पहिला ६ धुळीचा. धूळ अजिबात आत जात नाही, आणि तो दोन्हींत सारखाच. दुसरा अंक पाण्याचा, आणि तिथे ७ म्हणजे ५ची वरची पायरी नव्हे. ती परीक्षाच निराळी आहे.

५ची परीक्षा झोताची. ६.३ मिलिमीटर तोंडाच्या नळीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाणी, अडीच ते तीन मीटरवरून, सगळ्या बाजूंनी, किमान तीन मिनिटं मारतात. ७ची परीक्षा बुडवण्याची : एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास.

बुडालेल्या दिव्यावर पाणी चहूबाजूंनी सारखं दाबतं. झाकण आतल्या दिशेने रेटलं जातं आणि काही दिव्यांत रबरी वायसर उलट घट्टच बसतो. झोत मात्र एकाच कडेवर आदळतो आणि तीच कड उचकटतो. दुसरीकडे, झोताचं पाणी आदळून लगेच निथळतं. स्विचच्या रबराखालच्या केसाएवढ्या फटीतून झिरपायला त्याला सवड मिळत नाही. बुडाल्यावर ती सवड भरपूर मिळते. म्हणून नुसत्या ७वर झोताची हमी धरत नाहीत. दोन्ही परीक्षांत उतरलेल्या वस्तूवर दोन्ही आकडे, आयपी ६५/६७ असे, लिहावे लागतात.

भिंतीवरच्या किंवा खांबावरच्या दिव्याला ६५ पुरतो. जमिनीत रोवलेला, जिथे पाणी तुंबतं तिथला दिवा असेल तर ६७ बघावा. कायम पाण्याखाली राहणार असेल तर दुसरा अंक ८ हवा.

आता खोक्यावर न छापलेली गोष्ट. दिवा पेटून किंवा उन्हात तापला की आतली हवाही तापते. समजा ती ६० अंशांवर आहे आणि अचानक पावसाची सर आली. हवा २५ अंशांवर उतरली तर बंद डब्यातला दाब साधारण एक दशांशाने घटतो. एक मीटर पाण्याचा दाबही जवळपास तेवढाच असतो! म्हणजे भिंतीवर टांगलेला दिवाही, कधीच न बुडता, बुडवल्याएवढ्या जोराने पाणी आत ओढू शकतो. नळाखाली धरून 'पास' झालेले दिवे पहिल्याच पावसात आतून ओले होतात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

त्यामुळे घरी तपासायचं तर गार आणि गरम, दोन्ही तऱ्हांनी तपासा. मात्र फक्त सेलवर किंवा सौरऊर्जेवर चालणारे दिवे; घरच्या विजेवर चालणारा दिवा बादलीत घालायचा नाही, बंद करूनही नाही. दिवा उघडत असेल तर आत टिश्यूपेपरचा तुकडा ठेवा आणि त्यावर स्केचपेनने चार-पाच ठिपके काढा. किंचित ओल लागली तरी ठिपक्याची कड फुटते, नुसत्या बोटाने ती ओल कळली नसती. उघडत नसेल तर आधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा : एक ग्रॅम वाढ म्हणजे एक मिलिलिटर पाणी. वजन करण्याआधी बाहेरच्या खाचांतलं पाणी नीट टिपून घ्या, नाहीतर चांगला दिवा नाहक नापास व्हायचा.

६५वाल्यावर पाइपने सगळीकडून पाणी मारा, ६७वाला बादलीत अर्धा तास ठेवा. बादली मीटरभर खोल नसते, त्यामुळे ही परीक्षा सौम्यच. इथे नापास झालेला दिवा मात्र नापासच. बुडवताना नजर सांध्यांवर ठेवा. एकाच जागेतून बुडबुड्यांची माळ निघत राहिली तर फट सापडली. मग दुसरी फेरी : दिवा दोन-तीन तास पेटता ठेवा आणि गरम असतानाच गार पाण्याखाली धरा. मला या फेरीचा निकाल जास्त भरवशाचा वाटतो. पाणी शिरलेला दिवा पुरता वाळल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.

काचेवर आतून हलकी वाफ धरली आणि ऊन लागताच गेली, तर ती डब्यातल्याच दमट हवेची असू शकते. तळाशी थेंब साचलेले दिसले तर पाणी बाहेरून आलंय.

विजेवरच्या दिव्यात निदान वायरचं तोंड तपासा, वीज बंद करून. वायर वरून सरळ आत शिरत असेल तर पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळत थेट त्या तोंडाशी येतं. शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकून जाईल.