डॉग पार्कची जमीन नव्याने करून घ्यायची आहे? अर्ज कोणी करायचा, कागद कोणते जोडायचे

पावसानंतर चार दिवस चिखल आणि उन्हाळ्यात नुसती धूळ, अशी डॉग पार्कची गत झाली की बहुतेक जण उद्यान विभागाला एका ओळीत लिहून मोकळे होतात: ‘हिरवळ लावून द्या.’ असा अर्ज किरकोळ देखभालीच्या तक्रारींत जाऊन पडतो. फार तर दोन ट्रक माती येते आणि पुढच्या पावसात वाहून जाते. कुत्र्यांच्या पळापळीने जमीन दगडासारखी घट्ट होते, पाणी आत मुरत नाही आणि लघवीतल्या नत्राने गवत जळतं. वरून काहीही टाकलं तरी हे बदलत नाही. म्हणून अर्जाच्या विषयातच ‘पृष्ठभाग व पाणी निचरा नूतनीकरण’ असं लिहा.

साधी तक्रार कोणीही रहिवासी करू शकतो. नूतनीकरणाचा प्रस्ताव मात्र वापरकर्त्यांच्या गटाने किंवा रहिवासी संघटनेने दिला तर त्याला वजन येतं. लोकवर्गणीतून खर्चाचा वाटा उचलणार असाल, तर गटाची नोंदणी आणि गटाच्याच नावाचं बँक खातं आधी करून ठेवा. त्याहीआधी जागा कोणाची ते तपासा. उद्यान विभाग देखभाल करत असला तरी जमीन दुसऱ्याच खात्याची असू शकते. मग त्या खात्याचं ना हरकत पत्र लागतं, कारण इथे खोदकाम आहे आणि खाली जलवाहिन्या, केबल असू शकतात.

कागदांत अर्ज, जागेचा नकाशा, गटाच्या बैठकीचा ठराव, वापरकर्त्यांच्या सह्या आणि देखभालीत हातभार लावण्याचं हमीपत्र हे तर आलंच. पण माझ्या मते खरं काम करतात ते फोटो. एकाच जागेवर उभं राहून पाऊस थांबल्यावर लगेच, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी फोटो काढा, तारखेसह. फाटकाजवळचा आणि पाण्याच्या नळाजवळचा भाग सोडू नका; सगळ्यात आधी तिथलीच जमीन उखडते.

सोबत निचऱ्याची घरगुती चाचणीही जोडता येते. परवानगी घेऊन साधारण 30 सेंटिमीटर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, ते मुरू द्या, पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरते ते मोजा. 2.5 सेंटिमीटरपेक्षा कमी उतरली तर निचरा कमजोर समजावा. चाचणी झाली की खड्डा आठवणीने बुजवा, नाहीतर कुत्र्याचा पाय मुरगळेल आणि पुढची तक्रार तुमच्याच नावाने येईल!

कोणता पृष्ठभाग हवा, यावर अर्जात हट्ट धरू नये. पसंती कारणासह लिहावी. लाकडाचा चुरा पायाला मऊ लागतो, पण कुजतो आणि वेळोवेळी नवा थर द्यावा लागतो. कोकोच्या (नारळाच्या नव्हे, चॉकलेट ज्यापासून बनतं त्या बियांच्या) टरफलांचा चुरा नको असं मात्र ठासून लिहा, तो कुत्र्यांना विषारी असतो. बारीक मुरूम दाबून बसवला तर टिकतो, कोरड्या दिवसांत धूळ उडते. टोकदार खडी पंजांना टोचते. कृत्रिम हिरवळ उन्हात फार तापते, तिला खाली निचऱ्याचा थर आणि वरून नियमित धुणं लागतं. खऱ्या गवताला मुळं धरेपर्यंत पार्क बंद ठेवावा लागतो, त्यामुळे काम दोन भागांत करून एक भाग खुला ठेवण्याची मागणी आधीच नोंदवा. कोणताही पर्याय निवडला तरी 1 ते 2 टक्के उतार, म्हणजे 10 मीटरला 10 ते 20 सेंटिमीटर, आणि फाटकापासून चाकाची खुर्ची जाईल असा पक्का रस्ता या दोन गोष्टी मागाच.

अर्ज दिल्यावर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का असलेली पोच घ्या. पुढे स्थळपाहणी होते. त्या वेळी गटातलं कोणीतरी हजर हवंच, कारण कोरड्या दिवशी आलेल्या अभियंत्याला डबकं कुठे साचतं ते दिसणार नाही. त्यानंतर कामाच्या खर्चाचा अंदाज, पैशांची तरतूद, निविदा. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक तयार होण्याआधी अर्ज पोचला नाही, तर वर्ष हातचं जातं.

काम संपलं की ताबा घेण्याच्या पाहणीलाही गटाला बोलवावं, असं अर्जात लिहून ठेवा. पाऊस नसेल तर नळाचं पाणी सोडून उतार बघा, आणि दोष राहिला तर ठेकेदाराची दोष दुरुस्तीची मुदत कधी संपते ती तारीख लेखी मागून घ्या.