शंभर किलोची रेघ: ओला कचरा सोसायटीच्या आवारात आला कसा

मुंबईत सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'बल्क जनरेटर' (म्हणजे रोज खूप कचरा करणाऱ्या सोसायट्या, हॉटेलं) हा शब्द निघाला की अजूनही आवाज चढतात, म्हणून तो आला कुठून ते एकदा लिहून ठेवतोय.

सुरुवात सुरतची. 1994 ला तिथे प्लेग झाला, मग शहरांच्या कचऱ्यावर सुप्रीम कोर्टात याचिका झाली आणि 2000 साली घनकचऱ्याचे नियम निघाले. त्याआधीच घाटकोपरच्या एका गल्लीत लोकांनी एकत्र येऊन कचरा वेगळा करायला, खत करायला सुरुवात केली होती आणि त्यातूनच पुढे एएलएम (रहिवाशांचे गल्लीपातळीवरचे गट) शहरभर पसरले. पण ते ज्याच्या-त्याच्या उत्साहावर चालायचं. बाकीचा बराचसा देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर, तिथे 1927 पासून कचरा पडत आलाय.

जानेवारी 2016 मध्ये देवनार पेटलं, धूर कित्येक दिवस हटेना, आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्यानंतर महिन्याभरात हायकोर्टाने मुंबईतल्या नव्या बांधकामांवर बंदी आणली (काही अपवाद ठेवून) आणि मग कुठे सगळे हलले. माझ्या मते हेच खरं वळण, कारण देवनारला लागून असलेल्या शिवाजीनगर-गोवंडीची माणसं तो धूर आधीपासून गिळत होती, तेव्हा कोणी विचारलं नव्हतं.

त्याच वर्षी घनकचऱ्याचे नवे नियम आले आणि खरा गुंता इथे झाला. दिवसाला सरासरी 100 किलोच्या वर कचरा म्हणजे बल्क, असं त्यात होतं. पण 100 किलो कशाचा? नियमात सगळा मिळून होता, ओला, सुका, सगळं, आणि लोक मात्र फक्त ओला मोजून 'आम्ही त्यात बसत नाही' म्हणत राहिले. घरटी दीड किलो धरला तरी 67 घरांत रेघ ओलांडली जाते, पण रोज वजन करणार कोण, काटा कुठल्या सोसायटीत असतो? दुसरा शब्द 'शक्यतो'. ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवा असं नियम सांगत होता. सोसायट्या म्हणाल्या जागा नाही, मग शक्य नाही. पालिकेने 2017 मध्ये हा शब्द जवळजवळ बाजूलाच ठेवला आणि सांगितलं की 20 हजार चौरस मीटरच्या वरच्या किंवा 100 किलोच्या वरच्या सोसायट्या, हॉटेलं वगैरेंचा ओला कचरा 2 ऑक्टोबरपासून उचलणार नाही. ओरड झाली, हमीपत्र देणाऱ्यांना मुदतवाढ मिळाली. 2007 नंतरच्या बऱ्याच इमारतींना तर परवानगी देतानाच खताच्या जागेची अट होती, तिथे आता गाड्या उभ्या असतात, त्यामुळे 'जागा नाही' हे ऐकलं की मला राग येतो. पण नोटीस आधी आणि शिकवणं नंतर, हेही चुकलंच.

आमच्या सोसायटीत खताच्या पहिल्या ड्रमला आठवड्यात वास सुटला, खालून काळं पाणी, वर पांढऱ्या अळ्या. कारण एवढंच की डाळ-भात तसाच ओतला जात होता आणि सुका पाला कोणी घालत नव्हतं. एक थर ओला, एक थर पाला किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन-तीन दिवसांनी खालवर, एवढं केलं आणि वास गेला. तळमजल्यावरच्या ऑफिसांचे चहाचे कागदी कप मात्र ड्रममध्ये तसेच राहतात, आतून प्लास्टिकचा थर असतो ना, ते सुक्यात टाकायचे हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. ड्रम खालवर करतो आमचा सफाईवाला, आणि ट्रेनिंगला गेले होते सेक्रेटरी.