सलाईनची नळी नीट चिकटवली का, तेवढं बघा

सलाईन लावलेल्या पेशंटला घरचे सारखं सांगत असतात, हात हलवू नको, आत सुई मोडंल. पण आत सुई नसतेच, ती सिस्टर लावतानाच मागं ओढून काढतात, शिरेत राहते ती मऊ प्लास्टिकची नळी, आपण इंट्राकॅथ म्हणतो ती. ती मोडायची भीती नाही, भीती आहे ती सैल होऊन हलायची, आणि तिकडं कोणी बघत नाही.

शिरेचं आतलं अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचं असतं आणि ते शाबूत आहे तोवर रक्त तिथं गोठत नाही. पट्टी सुटली की नळी हापशाच्या दांड्यासारखी आत-बाहेर होते, टोक अस्तराला घासतं, पेशी खरवडून खालचं कोलॅजन, म्हणजे शिरेच्या भिंतीतले चिवट धागे, उघडं पडतं, त्याला रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स चिकटतात, वर फायब्रिनच्या बारीक धाग्यांचं जाळं, मग गुठळी, सूज, शिरेवर लाल रेघ आणि ठणका, हे म्हणजे फ्लेबायटिस, शिरेचा दाह. पुढची वाट अडली की सलाईन नळीच्या कडेनं मांसात उतरतं, हात टम्म फुगतो. साधं सलाईन असलं तर हळूहळू जिरतं, पण कॅल्शियमचं इंजेक्शन किंवा कॅन्सरवरची काही केमोची औषधं उतरली तर कातडी काळी पडून जखम होऊ शकते. शिवाय बाहेर सरकलेली नळी परत आत ढकलली की कातडीवरचे स्टॅफिलोकोकस जंतू तिच्यासोबत आत जातात, म्हणून निसटलेली नळी कधीच आत रेटायची नाही.

त्यामुळं नळी शक्यतो कोपर-मनगटाच्या सांध्यावर नको, स्पिरिट पूर्ण वाळल्यावरच वर पारदर्शक ड्रेसिंग, म्हणजे आतली लाली दिसते, आणि सलाईनच्या ट्यूबचा एक वेढा हातावर वेगळा चिकटवायचा, झटका बसला तर वेढ्याला बसतो, शिरेला नाही. परभणी-नांदेडच्या उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो, वॉर्डात घामानं पट्टी सुटतेच, कडा उचलली की लगेच सिस्टरला सांगा.

त्याच मनगटात गंडा बांधू नका, अंगारा लावू नका, ओल्या दोऱ्यात जंतू वाढतात. आणि अशक्तपणा आला म्हणून ताकदीचं सलाईन मागायचं तर त्याआधी हे बघा, ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत फक्त २५ ग्रॅम साखर असते, तेवढ्यासाठी शीर कशाला टोचून घ्यायची. औषधं तोंडानं सुरू झाली की राउंडला आलेल्या डॉक्टरांना विचारा, इंट्राकॅथ आता काढायची का, कारण नुसतीच ठेवलेली नळीही शिरेला त्रास देत राहते.