सूत्रकृमीला वास कळतो तो कुठे?

सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा जेमतेम १ मिलिमीटर लांबीचा पारदर्शक सूत्रकृमी. डोळे नाहीत, कान नाहीत. उभयलिंगी कृमीत चेतापेशी मोजून ३०२. केंब्रिजमध्ये जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांनी १९६० च्या दशकात तो संशोधनासाठी निवडला. २० अंश सेल्सिअसला साडेतीन दिवसांत नवी पिढी तयार होते आणि खायला ई. कोलाय जिवाणू पुरतात.

१९७३ मध्ये सॅम्युएल वॉर्ड यांनी आगरवर (जेलीसारख्या थरावर) उमटलेले माग तपासून दाखवले, की कृमी सोडियम आणि क्लोराइड आयनांकडे ओढला जातो. डोके दोन्ही बाजूंना हलवत तो दिशा ठरवतो, असा त्यांचा निष्कर्ष. १९९९ मध्ये वेगळेच पुढे आले: रसायन कमी होऊ लागले की कृमी मागे सरकतो, झटकन वळतो आणि नवी वाट धरतो. २००९ मध्ये हळूहळू वळत जाण्याची रीतही सापडली; वॉर्ड अगदीच चुकले नव्हते.

१९८६ मध्ये चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशा आला, पण त्यावरून कुठली पेशी काय हुंगते ते कळेना. मग कॉर्नेलिया बार्गमन आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी लेझरने एकेक पेशी मारून पाहिली. मीठ ओळखते ती मुख्यतः एएसई नावाची पेशी (१९९१). लोण्यासारखा वास असलेले डायअसिटिल हुंगते एडब्ल्यूए पेशी आणि कडू बदामाच्या वासाचे बेन्झाल्डिहाइड हुंगते एडब्ल्यूसी (१९९३). डायअसिटिलचा ग्राही, म्हणजे तो रेणू पकडणारे पेशीवरचे प्रथिन, ओडीआर-१० हे १९९६ मध्ये समजले. खरी गंमत १९९७ ची: तोच ग्राही नकोसे वास टिपणाऱ्या एडब्ल्यूबी पेशीत बसवला, तर कृमी डायअसिटिलपासून पळू लागले. आवडनिवड रेणूत नव्हती, पेशीत होती.

कृमीला कुठला वास आवडतो हे पाहण्याची चाचणी दिसायला सोपी आहे. आगरच्या बशीत एका टोकाला १ मायक्रोलिटर पातळ केलेला गंध, समोर तेवढेच इथेनॉल. दोन्हीकडे १ मायक्रोलिटर सोडियम अझाइड, म्हणजे पोचलेला कृमी तिथेच लुळा पडतो. शंभरेक धुतलेले कृमी मधोमध सोडायचे आणि तासाभराने मोजायचे. गंधाकडचे वजा इथेनॉलकडचे, भागिले एकूण: हे झाले आकर्षणाचे माप. धुण्यात जिवाणू राहिले तर कृमी जागचे हलत नाहीत. पाणी जास्त उरले तर ते त्या थेंबातच पोहत बसतात. डायअसिटिल साधारण हजारपट पातळ करतात. बेन्झाल्डिहाइड मात्र पातळ न करता ठेवले तर आकर्षण जाऊन कृमी उलटे फिरतात. मिठाच्या चाचणीत आणखी एक फसगत होते: मीठ असलेल्या जागी कृमी काही तास उपाशी राहिले असतील, तर तेच मीठ ते टाळू लागतात.