युटोपियन साहित्यातील नातेसंबंध आणि व्यक्तित्व

आदर्श समाजाचे चित्र रेखाटणारे साहित्य ते युटोपियन साहित्य. ‘युटोपिया’ हा शब्द टॉमस मोर याने १५१६ साली आपल्या लॅटिन ग्रंथासाठी ग्रीकवरून घडवला. ‘कुठेच नसलेली जागा’ असा त्याचा अर्थ. या साहित्यात जमीन, धान्य, कामाचे तास यांचा हिशेब सहसा जुळतो. अडते ते मायेपाशी, कारण माया सगळ्यांना सारखी वाटता येत नाही.

ही अडचण प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्येच उघड होते. ‘माझे’ आणि ‘माझे नाही’ हे शब्द जिथे बहुतेक लोक एकाच गोष्टीला लावतात ते राज्य उत्तम, असे तिथे सॉक्रेटिस म्हणतो. म्हणून राज्याचे रक्षण आणि कारभार करणाऱ्या रक्षकवर्गाला खाजगी मालमत्ता नाही आणि खाजगी कुटुंबही नाही. (ही व्यवस्था सर्व नागरिकांसाठी नव्हती, हे पुष्कळदा विसरले जाते.) जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या, त्या चिठ्ठ्यांत राज्यकर्त्यांनी गुपचूप फेरफार करायचा, आणि आपले मूल कोणते हे आईबापांना कळू द्यायचे नाही. विवाहानंतर सातव्या ते दहाव्या महिन्यात जन्मलेली सगळीच मुले आपली म्हणायची. ॲरिस्टॉटलने यावर ‘पॉलिटिक्स’मध्ये घेतलेली हरकत आजही बिनतोड वाटते. हजार जण ज्याचे बाप, त्याची कोणालाच काळजी नाही. भरपूर पाण्यात थोडे गोड मद्य ओतावे तशी माया पातळ होते.

मोरने कुटुंब मोडले नाही, पण त्याचे मोजमाप ठरवून दिले. शहरातील घरात दहा ते सोळा प्रौढ माणसे असावीत, जास्त झाल्यास कमी माणसांच्या घरी पाठवावीत. मुलाला दुसऱ्या धंद्याची ओढ असेल तर तो धंदा करणाऱ्या घरात त्याला दत्तक द्यावे. दारे कोणीही ढकलून आत यावे अशी, आणि घरांची दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून अदलाबदल. संस्थापक राजा युटोपस सोडला तर युटोपिया या बेटावरच्या एकाही रहिवाशाशी आपली नावानिशी ओळख होत नाही. मोरचा हेतू विडंबनाचा होता की उपदेशाचा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

रोकेया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ (१९०५) ही छोटी कथा नाती मोडण्याऐवजी वाढवते. तिच्यातील स्त्रीराज्यात पवित्र नात्याचे वर्तुळ एवढे मोठे आहे की दूरचा चुलतभाऊही सख्ख्या भावासारखाच मानला जातो. पुरुष मात्र तिथे पडद्याआड! विल्यम मॉरिसच्या ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’मध्ये (१८९०) घटस्फोटाची न्यायालयेच उरलेली नाहीत, तरी प्रेमातील मत्सरातून एक माणूस प्राणाला मुकतो. ही घटना लेखकाने लपवली नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा.

विसाव्या शतकात याच कल्पनांची दुःस्वप्ने झाली. येवगेनी झाम्यातिनच्या ‘वी’ (म्हणजे ‘आम्ही’) या कादंबरीमध्ये माणसांना नावांऐवजी क्रमांक आहेत आणि घरांच्या भिंती काचेच्या. पडदे पाडायची मुभा मिळते ती फक्त गुलाबी चिठ्ठी दाखवून ठरलेल्या जोडीदाराला भेटताना. कल्पनाशक्ती काढून टाकणारी शस्त्रक्रिया झाल्यावर निवेदक आपल्या प्रेयसीचा छळ शांतपणे पाहतो. ऑल्डस हक्सलीच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये (१९३२) मुले बाटल्यांत वाढतात, ‘आई’ हा शब्द तिथे शिवीइतका लाजिरवाणा आहे.

प्लेटोचा ‘माझे’ अर्सुला ले ग्विनने ‘द डिसपझेस्ड’मध्ये (१९७४) पुन्हा उकरून काढला. अनारेस या ग्रहावरील भाषेत ‘माझा हात दुखतो’ असे सहसा म्हणत नाहीत. हात मला दुखतो, असे म्हणतात. लहान मुले सुरुवातीला ‘माझी आई’ म्हणतात, मग नुसते ‘आई’ म्हणायला शिकतात. इथे सत्ता कोणाच्या हाती नाही, तुरुंग नाहीत, जोडीने राहायला बंदीही नाही. तरी दुष्काळात शेवेक आणि ताकवेर या जोडप्याला दोन टोकांना कामे मिळतात आणि ती चार वर्षे एकमेकांपासून दूर राहतात. जा, असा हुकूम त्यांना कोणीच दिलेला नसतो.